बेळगावच्या गच्चीवर ध्रुवाकडच्या दिवस-रात्रीचा हिशेब

बेळगावहून नकाशावर सरळ दक्षिणेकडे रेघ ओढली तर होन्नावरजवळ किनारा संपतो आणि पुढं नुसतं पाणी. साडेनऊ हजार किलोमीटरनंतर जमीन लागते ती थेट अंटार्क्टिकाची. त्या ठिकाणापासून जेमतेम ६०-७० किलोमीटर पूर्वेला आपलं, म्हणजे भारताचं, २०१२ साली सुरू झालेलं 'भारती' संशोधन केंद्र आहे. बेळगावात सूर्य डोक्यावर येतो त्याच सुमारास भारतीलाही दुपार असते. फरक एवढाच, की २१ डिसेंबरला तिथं सूर्य मावळत नाही आणि २१ जूनला उगवत नाही.

हा प्रकार समजून घ्यायला पासपोर्ट लागत नाही. एक मीटर उंचीवर एक भोक, खाली एक सपाट फरशी आणि तीवर चार खुणा एवढ्या भांडवलावर भारतीचा सूर्य कधी मावळला, नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला मध्यरात्रीचं ऊन कधी सुरू झालं, हे टिळकवाडीतल्या किंवा शहापुरातल्या गच्चीवर उभं राहून सांगता येतं. हा लेख ती फरशी कशी मांडायची याबद्दल आहे. शाळेतल्या शिक्षकांना, नववी-दहावीच्या मुलांना आणि रिकामपणी काहीतरी मोजत बसायची खोड असलेल्या सगळ्यांना उपयोगी पडेल.

आधी एक गैरसमज बाजूला करू. 'ध्रुव प्रदेशात सहा महिने दिवस, सहा महिने रात्र' हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. ते खरं आहे फक्त ध्रुवाच्या बिंदूपुरतं. ध्रुववृत्त म्हणजे सुमारे ६६.५ अंश. तिथं न मावळणारा सूर्य वर्षातून सुमारे महिनाभर असतो, ७० अंशांच्या आसपास सुमारे दोन महिने, ७९ अंशांवर चार महिने. जसं वर जाल तसा मुक्काम वाढत जातो. आणि ज्या दिवशी तो मावळत नाही त्या दिवशीही तो डोक्यावर कधीच नसतो. प्रत्यक्ष ध्रुवावर तर मळणीच्या तिवड्याभोवती बैल फिरावेत तसा तो क्षितिजाला धरून गोल गोल फिरतो, आणि तेवीस-साडेतेवीस अंशांच्या वर काही चढत नाही.

पहिलं काम: फरशी आणि भोक

गच्चीवर काम करणार असाल तर पहिली अडचण उताराची. पावसाचं पाणी पन्हाळीकडं जावं म्हणून गवंड्यानं गच्चीला उतार दिलेलाच असतो आणि तो मापं बिघडवतो. म्हणून गच्चीच्या जमिनीवर थेट मोजू नका. सव्वा मीटर लांबीची एखादी शहाबादी फरशी किंवा जाड फळी घ्या, खाली लाकडी पाचरी सारून ती पाणसळीनं समतल करा. पाणसळ नसेल तर मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप चालतं, पण गवंड्याची पाण्याची नळी त्याहून भरवशाची.

नुसत्या काठीची सावली घेतली तर तिचं टोक नेमकं कुठं संपतं ते ठरवता येत नाही. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळं एक मीटर काठीच्या सावलीच्या टोकाला जवळपास सेंटीमीटरभर धूसर पट्टा असतो. त्यापेक्षा असं करा. पुठ्ठ्याला पाच मिलिमीटरचं गोल भोक पाडा आणि तो पुठ्ठा एखाद्या स्टँडवर आडवा बसवा. भोकापासून फरशीपर्यंतचं अंतर नेमकं १०० सेंटीमीटर ठेवा. भोकाच्या मध्यातून ओळंबा सोडा. ओळंब्याचं टोक फरशीवर जिथं टेकतं तो आपला मूळबिंदू. आता सावलीच्या मधोमध उजेडाचा एक गोल ठिपका पडेल. त्याचा मध्य पेन्सिलीनं धरायचा. हा ठिपका म्हणजे सूर्याचं प्रतिबिंबच असतं. तो स्थिर दिसतो, पण मे महिन्यात दुपारी पाहिलात तर मिनिटाला चार मिलिमीटर या वेगानं पश्चिमेकडून पूर्वेकडं सरकत असतो. पेन्सिल टेकवून 'झालं का?' म्हणेपर्यंत खूण मागं पडलेली असते.

दुसरं काम: उत्तर-दक्षिण रेघ

होकायंत्र वापरू नका. गच्चीतल्या सळ्या त्याला फसवतात. मूळबिंदूभोवती दोऱ्यानं एक वर्तुळ काढा. सकाळी साडेदहाच्या सुमारास ठिपका वर्तुळावर कुठं येतो तिथं खूण करा, दुपारी अडीचच्या सुमारास तो पुन्हा वर्तुळाला कुठं शिवतो तिथं दुसरी. दोन्ही खुणांच्या मधल्या बिंदूतून मूळबिंदूकडं जाणारी रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण. आपल्याकडं हीच पद्धत शंकूच्या नावानं शेकडो वर्षं चालत आलेली आहे. रेघ डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात आखा. तेव्हा आभाळ निरभ्र असतं आणि सावली लांब, त्यामुळं चूक कमी होते.

साडेदहा आणि अडीच या वेळा का? कारण बेळगावची खरी दुपार घड्याळातल्या बाराला होत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे, आपण ७४.५ वर. आठ अंशांचा फरक म्हणजे ३२ मिनिटं. त्यात वर्षभर थोडी कमीजास्ती होते: नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सव्वाबारालाच रेघ ओलांडतो, फेब्रुवारीच्या मध्यात पाऊण वाजता. मेमध्ये साधारण साडेबारा. ठिपका रेघेवर येतो तो क्षण पकडायचा आणि मूळबिंदूपासूनचं अंतर मोजायचं. रोजचं काम दोन मिनिटांचं आहे.

तिसरं काम: चार खुणा

आता फरशीवर मूळबिंदूपासून ही अंतरं मोजून खुणा करा. ही मापं बेळगाव शहरासाठी, म्हणजे १५.८५ अंश अक्षांशासाठी आणि १०० सेंटीमीटर उंचीसाठी आहेत.

दक्षिणेकडं ६.४ सेंटीमीटर: ट्रॉम्सो, मध्यरात्रीचा सूर्य.
दक्षिणेकडं ९.७ सेंटीमीटर: भारती, ध्रुवीय रात्र.
उत्तरेकडं ७१.६ सेंटीमीटर: भारती, मध्यरात्रीचा सूर्य.
उत्तरेकडं ७५.४ सेंटीमीटर: ट्रॉम्सो, ध्रुवीय रात्र.

नावं मराठीत लिहायची की कन्नडात, हा वाद इथं नको. दोन्हीत लिहा, फरशीवर जागा भरपूर आहे.

वाचायचं कसं? दुपारचा ठिपका मूळबिंदूपासून खुणेच्या पलीकडं गेला, की त्या खुणेवर लिहिलेली गोष्ट तिकडं सुरू झाली. परत अलीकडं आला की संपली. वर्षाचा क्रम असा दिसेल. ४ मेच्या आसपास ठिपका थेट मूळबिंदूवर येतो. हा बेळगावचा शून्य सावलीचा दिवस. खानापूरला तो एखादा दिवस आधी येतो, निपाणीला दोन दिवस उशिरा. त्यानंतर सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडं सरकतो आणि दुपारची सावली चक्क दक्षिणेकडं पडायला लागते. १८ मेच्या सुमारास ठिपका ट्रॉम्सोची खूण ओलांडतो: तिकडं सूर्य मावळायचा थांबला. २८ मेच्या सुमारास ९.७ ची खूण ओलांडली, की भारतीवरचा सूर्य गेला. तो परत दिसणार १६ जुलैच्या आसपास.

ही २८ मेची खूण चुकवू नका. त्या दिवसांत दुपारी वळिवाचे ढग येतात, पण साडेबाराला बहुतेक वेळा ऊन मिळतं. एकदा पाऊस लागला की जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातच काय, शहरातही आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. २१ जूनचा सगळ्यात लांब दक्षिणेचा ठिपका, १३.३ सेंटीमीटरचा, बेळगावात बघायला नशीबच लागतं.

हिवाळ्यातल्या खुणांना असली अडचण नाही. २१ नोव्हेंबरच्या सुमारास ठिपका उत्तरेकडं ७१.६ ओलांडतो आणि भारतीवर मध्यरात्रीचं ऊन सुरू होतं. आणखी आठवड्याभरात ७५.४ जातो आणि ट्रॉम्सोचा सूर्य दिसेनासा होतो. २१ डिसेंबरला ठिपका ८१.८ वर टेकून मागं फिरतो. १४-१५ जानेवारीला, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या तिळगुळाच्या वेळेस, तो ७५.४ च्या आत येतो. ट्रॉम्सो शहर डोंगरांच्या मधे आहे, त्यामुळं तिथल्या लोकांना सूर्याचं दर्शन त्याहून उशिरा घडतं. ते सूर्य परतल्याचा दिवस साजरा करतात तो २१ जानेवारीला. छापील कोष्टकांत आणि आपल्या खुणेत दोन-चार दिवसांचा फरक दिसला तर म्हणूनच गोंधळू नका. गणित समुद्रासारखं सपाट क्षितिज धरतं, गावाला डोंगर असतात.

बेळगावच्या बाहेर राहत असाल तर खुणा बदलतात. भारतीच्या दोन खुणा खानापूरसाठी दक्षिणेकडं १०.१ आणि उत्तरेकडं ७१.१ सेंटीमीटर, निपाणीसाठी ८.८ आणि ७३.१. दोन गावांतल्या शाळांनी मिळून हा प्रयोग केला तर २१ डिसेंबरला दुपारी त्यांच्या ठिपक्यांत सुमारे २.२ सेंटीमीटर फरक येईल. एवढ्याशा फरकात पृथ्वीची गोलाई दडलेली आहे. पृथ्वी सपाट असती तर दोन्हीकडचा ठिपका एकाच अंतरावर पडला असता.

हे जमतं कसं

सूर्य एकच आहे आणि बेळगाव-भारती जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत, एवढंच यामागचं रहस्य. दोन्ही गावांमधलं कोनीय अंतर ८५.३ अंश. सूर्य त्या दोघांच्या मधे असतो तेव्हा बेळगावात तो दक्षिणेकडं दिसतो आणि भारतीवर उत्तरेकडं, आणि दोन्हीकडच्या दुपारच्या उंचीची बेरीज कायम ९४.७ अंश येते. २१ डिसेंबरला आपल्याकडं ५०.७ अंश, तर तिकडं ४४. शून्य सावलीच्या दिवशी आपल्याकडं ९०, तर तिकडं पावणेपाचच्या आत. त्या दिवशी भारतीवर एक मीटरच्या काठीची दुपारची सावली बारा मीटर पडते. मग सूर्य आपल्याही उत्तरेला गेला की तिकडं क्षितिजाखाली जाणार हे उघडच आहे.

४४ अंश हा आकडा पुन्हा एकदा बघा. डिसेंबरातल्या दुपारी अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरचा सूर्य आपल्यापेक्षा फक्त सात अंशांनी खाली असतो, आणि वर चोवीस तास हजर. त्या दिवशी दक्षिण ध्रुवाला विषुववृत्तापेक्षाही जास्त सौरऊर्जा मिळते. तरीही बर्फ का वितळत नाही? कारण ताजा बर्फ आलेल्या उजेडातला ८० टक्क्यांहून जास्त भाग परत फेकतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर घरात एक चेंडू, विणकामाची एक सुई, दोन टाचण्या आणि टॉर्च लागेल. सुई चेंडूतून आरपार घाला. कंपासपेटीतल्या कोनमापकानं ती उभ्या रेषेपासून साडेतेवीस अंश कलती धरा. बेळगावच्या जागी एक टाचणी, खाली दक्षिण ध्रुवाजवळ दुसरी, दोन्ही थोड्या बाहेर राहतील अशा टोचा. संध्याकाळी लाईट जाते तेव्हा हा प्रयोग फार छान होतो. टॉर्च खोलीच्या मध्यभागी, चेंडूच्याच उंचीला. आता चेंडू घेऊन टॉर्चभोवती फिरा, पण सुईचं टोक कायम एकाच भिंतीकडं राहू द्या. मुलं इथंच चुकतात: फिरताना हात वळतो आणि सुईही वळते. ती वळली की ऋतूच उरत नाहीत. सुईचं वरचं टोक टॉर्चपासून लांब झुकलेलं असेल त्या जागी थांबा आणि चेंडू स्वतःभोवती फिरवा. बेळगावची टाचणी उजेडात येते, अंधारात जाते. खालची टाचणी पूर्ण फेरी मारते, तिची सावली तिच्याभोवती फिरते, पण ती अंधारात जातच नाही. समोरच्या बाजूला जाऊन हेच करा, तीच टाचणी अख्खी फेरी अंधारात काढते.

कुठल्याही गावाचा हिशेब

यापुढं फरशीचीही गरज नाही. दोनच आकडे लागतात: गावाचा अक्षांश आणि त्या दिवशीची सूर्याची क्रांती, म्हणजे सूर्य विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तो कोन. क्रांती पंचांगाच्या अभ्यासकांच्या ओळखीची आहे. ढोबळमानाने २१ मार्च आणि २३ सप्टेंबरला शून्य, २१ एप्रिल आणि २१ ऑगस्टला उत्तर १२ अंश, २१ मे आणि २१ जुलैला उत्तर २० ते २०.५, २१ जूनला उत्तर २३.४. हिवाळ्यात तसंच दक्षिणेकडं: २१ ऑक्टोबर आणि २१ फेब्रुवारीला १०.६, २१ नोव्हेंबर आणि २१ जानेवारीला २०, २१ डिसेंबरला २३.४.

गाव आणि सूर्य एकाच गोलार्धात असतील तर अक्षांश आणि क्रांतीची बेरीज करा, त्यातून ९० वजा करा. आलेला आकडा म्हणजे मध्यरात्रीची सूर्याची उंची. तो उणे ०.८ पेक्षा जास्त असेल तर सूर्य मावळत नाही. सूर्य विरुद्ध गोलार्धात असेल तर ९० मधून अक्षांश आणि क्रांती दोन्ही वजा करा. ही दुपारची उंची. ती उणे ०.८ च्याही खाली असेल तर ध्रुवीय रात्र.

ट्रॉम्सोचा अक्षांश ६९.६५. २१ जूनला ६९.६५ अधिक २३.४ वजा ९०, म्हणजे मध्यरात्रीही सूर्य तीन अंशांवर. फिनलंडमधलं रोव्हानिएमी ६६.५ वर आहे, ध्रुववृत्ताच्या किंचित खाली. ध्रुववृत्ताच्या नुसत्या भूमितीप्रमाणं तिथं मध्यरात्रीचा सूर्य दिसायला नको, पण जूनच्या आसपास महिनाभर दिसतो. आणि ध्रुवीय रात्र मात्र तिथं एकही दिवस होत नाही. हा भेदभाव त्या ०.८ मुळं.

०.८ आला कुठून? सूर्याचा वरचा काठ दिसला तरी आपण सूर्य दिसला म्हणतो, म्हणून तबकडीच्या निम्म्याचे १६ कला (६० कला म्हणजे एक अंश). बाकीचे ३४ कला हवेमुळं: क्षितिजाजवळचा उजेड वातावरणातून येताना वाकतो आणि खाली गेलेला सूर्य वर असल्यासारखा दाखवतो. वाटीत नाणं ठेवून काठाआड दिसेनासं होईपर्यंत मागं सरका, मग कुणाला तरी वाटीत पाणी ओतायला सांगा. नाणं वर येईल. थंड हवेचे थर एकावर एक बसले की हे वाकणं कितीतरी जास्त होतं. डच दर्यावर्दी विलेम बॅरेंट्सची मंडळी नोव्हाया झेम्ल्या बेटावर हिवाळाभर अडकून पडली होती. त्यांना २४ जानेवारी १५९७ रोजी सूर्य दिसला, अपेक्षेपेक्षा तब्बल दोन आठवडे आधी. परत आल्यावर लोकांनी त्यांना खोटं ठरवलं. हवेच्या थरांचा हा खेळ आता त्या बेटाच्याच नावानं ओळखला जातो.

आपल्याकडं हे गणित नवं नाही. सूर्यसिद्धान्तात मेरूवरच्या, म्हणजे उत्तर ध्रुवावरच्या, देवांना सूर्य अर्धं वर्ष सलग दिसतो असं सांगितलं आहे, आणि बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ६६ अंशांच्या पलीकडं सूर्य न मावळण्याचा नियम मांडला. त्यांनी परमक्रांती, म्हणजे सूर्याची जास्तीत जास्त क्रांती, २४ अंश धरली होती, म्हणून ६६. भास्कराचार्यांचं गाव कर्नाटकातलं विजापूर की महाराष्ट्रातलं चाळीसगावजवळचं पाटण, यावर विद्वानांत मतभेद आहेत. सीमावाद त्यांनाही चुकलेला नाही.

रात्रीचा उजेड बघायला बाहेर या

ध्रुवीय रात्र म्हणजे चोवीस तास काळोख, असं चित्र सिनेमातून डोक्यात बसलंय. माणसं राहतात त्या बहुतेक ठिकाणी दुपारी काही तास संधिप्रकाश असतो. तो किती, हे बेळगावात बघता येतं. सूर्य मावळला की घड्याळ लावा. सूर्य क्षितिजाखाली सारख्याच अंशांनी गेलेला असेल तर उजेडही सारखाच, मग ते गाव कुठलंही असो. आठ-नऊ मिनिटांनी जो उजेड असेल, पेपर सहज वाचता येईल एवढा, तो भारतीचा २१ जूनच्या भर दुपारचा उजेड. ट्रॉम्सोच्या २१ डिसेंबरचाही तसाच, किंचित कमी. पन्नास मिनिटं थांबलात, पश्चिमेला नुसती फिकट पट्टी उरली आणि चांदण्या दिसू लागल्या, की तो हिमाद्रीचा. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड द्वीपसमूहात नी-ऑलेसुंड इथं, सुमारे ७९ अंश उत्तरेला, भारताचं हे केंद्र जुलै २००८ मध्ये सुरू झालं. डिसेंबर २०२३ पासून तिथं हिवाळी मोहिमाही जातात, म्हणजे आपली माणसं आता त्या फिकट पट्टीच्या दुपारीही काम करतात.

प्रत्यक्ष ध्रुवावर हा संधिप्रकाश कित्येक आठवडे रेंगाळतो. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये वेदांतल्या दीर्घ उषेच्या वर्णनांवरून आर्यांचं मूळस्थान आर्क्टिकमध्ये असल्याचं मांडलं, त्याचा एक आधार हाच. आजचे अभ्यासक तो निष्कर्ष मान्य करत नाहीत, पण लांबलचक पहाटेचं वर्णन खगोलाच्या दृष्टीनं चोख आहे.

संकष्टीचं काय?

सूर्याचं समजलं की चंद्राचा प्रश्न येतोच, आणि आपल्या घरांत तो उपासाच्या रूपानं येतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. म्हणजे ट्रॉम्सोच्या हिवाळ्यात सूर्य जितका खाली, पूर्ण चंद्र तितकाच वर. डिसेंबरच्या पौर्णिमेचा चंद्र तिथं मावळत नाही, बर्फावर चोवीस तास चांदणं. जूनच्या पौर्णिमेचा चंद्र मात्र उगवतच नाही. चतुर्थीला चंद्र पौर्णिमेपेक्षा पुढं सरकलेला असतो, त्यामुळं संकष्टीचा हिशेब थोडा वेगळा पडतो: वसंतातल्या एखाद्या संकष्टीला तिकडं चंद्रोदय नाही, आणि शरदातल्या एखादीला चंद्र मावळलेलाच नसल्यानं पुन्हा उदय कुठून होणार? मुलगा किंवा सून तिकडं शिकायला असेल आणि उपास करत असेल तर घरच्या पंचांगाची वेळ धरा आणि मोकळे व्हा. तिथले मुस्लिमही रोजासाठी मक्केची किंवा दुसऱ्या एखाद्या शहराची वेळ धरतात.

'सर, मग तिकडची लोकं झोपतात कवा ओ?' हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. घड्याळ बघून झोपतात. उन्हाळ्यात खिडक्यांना जाड काळे पडदे असतात. उजेडामुळं झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार होतं, म्हणून झोपायच्या तासभर आधीच पडदे ओढून घ्यायचे. हिवाळ्यात उलट: उठल्यावर प्रखर दिवा, दुपारच्या संधिप्रकाशात बाहेर एक फेरी, आणि डॉक्टरांना विचारून ड जीवनसत्त्व. जेवणाच्या वेळा मोडल्या की झोप मोडते, हे दोन्ही ऋतूंत खरं.

फसव्या क्लिपा

आर्क्टिकमध्ये प्रचंड मोठा चंद्र उगवतो, अर्ध्या मिनिटात सूर्याला झाकतो आणि मावळतो, अशी क्लिप घरोघरच्या ग्रुपवर फिरत असते. पाठवणाऱ्या काकांशी भांडू नका. फक्त सांगा, की चंद्र पृथ्वीवर कुठूनही अर्ध्या अंशाचाच दिसतो, हात लांब करून धरलेल्या करंगळीआड दोनदा मावेल एवढा. आणि ध्रुवाजवळ तर चंद्र-सूर्य आडवे फिरतात, असे धावत उगवून मावळत नाहीत. ती क्लिप संगणकावर बनवलेली आहे. खरी क्लिप ओळखायची खूण: सूर्य डावीकडून उजवीकडं सरकत असेल तर उत्तरेकडची, उजवीकडून डावीकडं असेल तर अंटार्क्टिकाची.

जायचंच असेल तर

भारती आणि मैत्री या अंटार्क्टिकातल्या केंद्रांचा, तसाच हिमाद्रीचा कारभार चालतो आपल्या शेजारून, गोव्यात वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून. चोर्ला घाटानं गाडीनं जा किंवा लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे रेल्वेनं. तिथं जायला शास्त्रज्ञच असावं लागतं हा समज चुकीचा आहे. मोहिमेला डॉक्टर, स्वयंपाकी, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, जनरेटर आणि वाहनांचे मेकॅनिक लागतात आणि त्यांच्या जाहिराती संस्थेच्या संकेतस्थळावर निघतात. उद्यमबागच्या कारखान्यांत हात काळे केलेल्या आयटीआयच्या पोरांनी त्यावर लक्ष ठेवावं, असं मला फार वाटतं. निवड झाली की कडक वैद्यकीय तपासणी आणि उत्तराखंडात औलीला बर्फातलं प्रशिक्षण. हिवाळी तुकडीत निवड झाली तर घरापासून वर्षभर लांब राहायची तयारी हवी, कारण हिवाळ्यात जहाज पोचत नाही.

नुसतं बघायला जायचं तर नॉर्वे सोयीचं. ट्रॉम्सो किंवा त्याहून वरचं नॉर्डकॅप, ७१ अंशांच्या थोडं पुढं. जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलैचा पहिला आठवडा धरा. स्वालबार्डला जायला व्हिसा लागत नाही असं वाचाल आणि ते खरंही आहे, पण विमान नॉर्वेतून बदलतं, त्यामुळं शेंगेन व्हिसा लागतो आणि तोही दोनदा प्रवेशाचा. एकदाच प्रवेशाचा घेतलात तर परतताना अडकाल. सामानात डोळ्यांवर बांधायची पट्टी ठेवा, आणि कॅमेऱ्याला सूर्याची फिल्टर: मध्यरात्रीचा असला तरी तो सूर्यच आहे, झूम लेन्समधून त्याच्याकडं बघायचं नाही.

फोटोसाठी घड्याळात बारा वाजायची वाट बघू नका. बेळगावच्या दुपारीसारखंच तिथंही आहे. ट्रॉम्सोला सूर्य सगळ्यात खाली येतो तो रात्री पाऊणच्या सुमारास, नॉर्डकॅपला बारा वाजून अठरा-वीस मिनिटांनी. तो घरच्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवायचा असेल तर उन्हाळ्यात नॉर्वे आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं. ट्रॉम्सोच्या पाऊण वाजता बेळगावात पहाटेचे सव्वाचार झालेले असतात, तेव्हा आदल्या दिवशीच कळवून ठेवा.